दाबा आणि बोला : गोदामातल्या आवाजाचा इतिहास, सातारा-सांगलीकडून

तुमच्या फोनवर व्हॉट्सॲप उघडा. मायक्रोफोनच्या चिन्हावर अंगठा दाबून धरा, बोला, अंगठा उचला. झालं, निरोप गेला. २०१३ मध्ये ही सोय आली आणि आता आपल्याला तिच्यात काही विशेष वाटतही नाही. पण सांगलीच्या मार्केट यार्डात जरा वेळ उभे राहिलात तर हा दाबलेला अंगठा जागोजागी दिसेल. हात हळदीनं माखलेले, गाडी दारात लागलेली, टेम्पोवाला खोळंबलेला. टाईप कोण करत बसणार?

माझं पीएचडीचं काम या अंगठ्याभोवती फिरतं. नातेवाईक विचारतात तेव्हा मी सांगते, ‘गोदामातला आवाज’. मग ते विषय बदलतात. तुम्ही इथपर्यंत वाचलंय, तर तुम्हाला जरा सविस्तर सांगते.

मोठ्या कंपन्यांच्या गोदामांत हल्ली कामगाराच्या हातात बारकोड वाचणारा एक दणकट मोबाईल दिला जातो. त्याच्या कडेला एक बटण असतं. ते दाबून बोललं की त्या गटातल्या सगळ्यांना एकदम ऐकू जातं. इंग्रजीत याला ‘पुश टू टॉक’ म्हणतात. आपण ‘दाबा आणि बोला’ म्हणू. अमेरिकेतल्या वॉलमार्टनं २०२१ मध्ये आपल्या सुमारे ७ लाख ४० हजार कर्मचाऱ्यांना फोन द्यायचं जाहीर केलं, तेव्हा त्यातल्या ॲपमध्ये हे बटण होतं. मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये आपल्या टीम्स या ॲपमध्ये ‘वॉकी टॉकी’ आणायची घोषणा केली. बातम्यांमध्ये हे सगळं ‘नवं तंत्रज्ञान’ म्हणून येतं. माझं म्हणणं एवढंच आहे की गोदामात कुणी बोलायचं, कुणी ऐकायचं आणि बोललेलं कुणाजवळ राहायचं, ही व्यवस्था फार जुनी आहे. बटण त्यात उशिरा आलं.

आधी बटणाचंच बघू.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याकडे ‘हँडी-टॉकी’ नावाचा हातात धरायचा रेडिओ होता. गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग या कंपनीनं तो बनवला. हीच कंपनी पुढे मोटोरोला झाली. वजन सव्वादोन किलोच्या आसपास. अँटेना बाहेर ओढली की यंत्र चालू, बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. त्याचा मोठा भाऊ १९४३ चा. तो पाठीवर घ्यायचा, वजन साधारण १६ किलो, आणि ‘वॉकी टॉकी’ हे नाव त्याला चिकटलं. या यंत्रांवर एका वेळी एकालाच का बोलता यायचं? कारण बोलणं आणि ऐकणं एकाच फ्रिक्वेन्सीवर. आपणच जोरात प्रक्षेपण करत असताना लांबून येणारा बारीक संदेश त्यात बुडून जातो. म्हणून एकानं बोलायचं, ‘ओव्हर’ म्हणायचं आणि बटण सोडून गप्प बसायचं. ही शिस्त भौतिकशास्त्रानं लादलेली होती.

मोबाईलला अशी अडचण नाही. फोनवर भांडताना दोघं एकाच वेळी बोलतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरीही गोदामातल्या ॲपमध्ये एका वेळी एकच बोलतो, कारण ते तसं ठरवून केलेलं आहे. मोबाईलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेनं २०१६ मध्ये पोलीस, अग्निशमन अशा अत्यावश्यक सेवांसाठी ‘दाबा आणि बोला’चं मानक पूर्ण केलं. त्यात या व्यवस्थेला ‘फ्लोअर कंट्रोल’ असं नाव आहे. विधानसभेत ‘फ्लोअर’ म्हणतात त्याच अर्थानं. तुम्ही बटण दाबता म्हणजे प्रत्यक्षात बोलायची परवानगी मागता. सर्व्हर ती देतो किंवा नाकारतो, आणि बाकीच्यांना कळवतो की आता सभागृह अमक्याच्या ताब्यात आहे. बटण दाबल्यापासून बोलता येईपर्यंतचा वेळ ३०० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी अपेक्षा आहे. त्यामुळे आपण परवानगी मागितली हे आपल्या लक्षातही येत नाही. शिवाय ज्याचा अग्रक्रम वरचा, तो दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडू शकतो. सुपरवायझरला हा अधिकार देण्याची सोय बाजारातल्या बऱ्याच ॲप्समध्ये असते.

तर बटणामागे एक छोटंसं सभागृह आहे आणि त्याला अध्यक्षही आहे. हा अध्यक्ष यंत्र येण्याआधी कोण होता, हे बघायला सांगलीला जाऊ.

पेव

सांगलीजवळ हरिपूर आणि सांगलवाडीच्या परिसरात हळद जमिनीखाली साठवायची पद्धत होती. त्या तळघराला पेव म्हणतात. तोंड अरुंद, पोट मोठं. इथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही, म्हणून व्यापाऱ्यांचा पेवांवर मोठा भरवसा. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा या पेवांची पुन्हा चर्चा झाली. पण २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरून हळदीचं मोठं नुकसान झालं होतं. तेव्हापासून माल जमिनीवरच्या गोदामांत आणि शीतगृहांत ठेवण्याकडे कल वाढला.

पेवात उतरणं हे जोखमीचं काम. बंद पेवातली हवा कोंडलेली असते. म्हणून ते उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं आणि मगच माणूस आत सोडायचा. आता जरा कल्पना करा : वर तोंडाशी एक जण दोर धरून उभा, खाली एक जण अंधारात पोतं भरतोय. वरच्याला खालचा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. ‘ओढ’ म्हटलं की ओढायचं, ‘थांब’ म्हटलं की थांबायचं. खालून ‘ओ’ आली नाही तर तीसुद्धा एक खबर, आणि वाईट खबर. आजच्या हँडसेटमध्ये कामगार बराच वेळ हलला नाही तर आपोआप इशारा देणारी सोय मिळते. गोष्ट तीच आहे : गप्प झालेल्या माणसाची दखल घेणारं वर कुणीतरी असलं पाहिजे.

इथे बोलायचा पहिला हक्क खालच्या माणसाचा. जीव त्याचा टांगणीला आहे आणि वजन किती भरलं हेही त्यालाच ठाऊक. दोघांनी मिळून पोतं उचलतानाही तेच. ‘हं’ कोण म्हणतो? ज्याच्या हाताखाली पकड नीट बसली आहे तो. मालक कितीही मोठा असला तरी ‘हं’ त्याच्या तोंडून आली तर पोतं पडेल.

लाभ, दोन, तीन

आता पेवातून वर, तोलाच्या जागी या. जुन्या बाजारात धान्य मापानं मोजलं जायचं आणि मापाडी मोजताना मोठ्यानं म्हणायचा. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन. तुमच्या घरातल्या आजी-आजोबांना विचारून बघा, आठवत असेल. यातला शकुनाचा भाग सोडून द्या. मला महत्त्वाचं वाटतं ते मोठ्यानं म्हणणं. शेतकरी समोर बसलेला असतो. त्याला लिहिता-वाचता येत नसेलही, पण ‘सात’नंतर ‘आठ’ यायला हवं हे त्याला कळतं. हमाल ऐकतो, शेजारचा शेतकरी ऐकतो, व्यापाऱ्याचा दिवाणजी ऐकून वहीत मांडतो. मोजणी ही अशी चारचौघांत होणारी गोष्ट होती आणि आवाज हाच तिचा पुरावा. मापाडी लबाडी करत नसेल असं मी म्हणत नाही. पण त्याला लबाडी सर्वांच्या कानांदेखत करावी लागे.

याच्या अगदी उलट टोकाला ‘हत्ता’ पद्धत. व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. शेतकरी शेजारीच उभा, त्याच्याच मालाचा भाव ठरतोय आणि त्याला काही दिसत नाही की ऐकू येत नाही. ही पद्धत देशभरच्या बाजारांत होती. बाजार समित्यांच्या कायद्यांनी तिच्यावर बंदी घालून उघड लिलाव सक्तीचा केला, याचं कारण हेच. लिलाव उघड म्हणजे काय, तर भाव तोंडानं बोलायचा. गंमत बघा, इथे सरकारला बाजारात आवाज हवा होता.

बोटं दाबून बोलण्याची ही पद्धत आणि बटण दाबून बोलणं यांत मला एक साम्य दिसतं, म्हणून हे एवढं लांबण लावलं. रुमाल असो की चॅनल, प्रश्न एकच : कडेला उभ्या असलेल्याला ऐकू येतं का? सांगलीत हळद निवडायला, साफ करायला बायका असतात. मजुरीवर, हंगामापुरत्या. गोदामात हँडसेट आले तर ते आधी कुणाच्या हातात जातील आणि कुणाच्या हातात कधीच जाणार नाहीत, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

साताऱ्याचे माथाडी, मुंबईची गोदामं

पण सातारा-सांगलीच्या माणसांनी सर्वात जास्त पोती उचलली ती इथे नाही, मुंबईत. एक छोटी माहिती आधी : सांगली हा पूर्वी साताऱ्याचाच भाग. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे मुंबईत ‘सातारकर’ म्हणून ओळखली जाणारी जुन्या पिढीतली बरीच माणसं आजच्या हिशेबानं सांगलीची निघतात. पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी भागांत शेती थोडी आणि पावसाच्या भरवशावर, म्हणून पुरुष मुंबईला. मशीद बंदर, दाणाबंदर, गोदीच्या आसपासची गोदामं. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी.

माथाडीचं काम टोळीनं चालतं. ट्रक आला की टोळी लागते. एक जण ट्रकवर, दोघं पोतं डोक्यावर देणारे, बाकीचे वाहणारे, आणि आत थप्पी लावणारा. सगळ्यांची चाल एका लयीत हवी. मध्ये एक अडला की मागच्याच्या डोक्यावर १०० किलोचं पोतं तसंच राहतं. तेव्हा पोती १०० किलोची सर्रास असत. ५० किलोचं पोतं रुळलं ते पुढे. फळीवरून चढताना, गल्लीतून जाताना, थप्पीचा तोल जाताना हाका चालूच असतात : बाजू, सांभाळ, येऊ दे, बस. शब्द चार-पाचच. पण आवाजावरून कळतं की कोण बोलतोय, किती दमलाय आणि किती घाईत आहे. एकाच गावची, एकाच भावकीची माणसं टोळीत असल्यानं हे सोपंही व्हायचं. हे काम नवख्या माणसाला चटकन का जमत नाही, त्याची निम्मी कारणं कानात आहेत.

या टोळीचं फार गोड चित्र मात्र रंगवू नका. टोळीवर टोळीवाला किंवा मुकादम असे. काम तो आणायचा, पैसे त्याच्या हातातून यायचे. मालक म्हणायचा, हे माझे कामगार नाहीत, मुकादमाला विचारा. आजारपण, अपघात, म्हातारपण यांची जबाबदारी कुणावरच नाही. कामाच्या वेळी टोळीत मोकळेपणानं ओरडणारा माणूस मजुरीच्या प्रश्नावर मात्र मुका होता. त्याची गाठ पडेल असा मालकच समोर नव्हता.

हे बदलायला संघटना लागली. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळ कोळे गावचे अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांना एकत्र केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आला. त्यानुसार कामगार आणि मालक दोघांचीही नोंदणी मंडळाकडे होते. मजुरी मालकानं मंडळात भरायची, तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही भरायची, आणि त्यातून कामगाराला पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा मिळायची. मंडळावर मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं, शिवाय सरकारचे. माझ्या विषयाच्या भाषेत सांगायचं तर कामगाराला ‘फ्लोअर’ मिळाला. त्याचं म्हणणं टोळीच्या हाकेतून निघून रजिस्टरात आणि बैठकीच्या इतिवृत्तात गेलं. मजुरीच्या इतिहासात या कायद्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, ते योग्यच आहे. पण ‘कामगाराचं बोलणं कुठे नोंदवलं जातं’ या अंगानंही त्याच्याकडे बघायला हवं, असं मला वाटतं.

मध्ये यंत्र का आलं नाही?

तुम्ही विचाराल, वॉकी टॉकी १९४० च्या दशकात निघाला, मग मुंबईच्या गोदामांत तो १९५० नंतर का दिसत नाही? किंमत हे एक कारण, दुसरं कायदा. १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार परवान्याशिवाय वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा. वासाहतिक सरकारला हवेतून जाणाऱ्या आवाजाची भीती वाटायची, आणि ती अगदी निराधार नव्हती : १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला तेव्हा त्याचा माग काढायला पोलिसांनी जंग जंग पछाडलं. त्यानंतर लगेच साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर कायदा तोच राहिला. पोलीस, सैन्य, वन खातं यांच्याकडे वायरलेस, हमालाकडे गळा.

त्यामुळे आपल्याकडे गोदामातला आवाज गळ्यातून थेट मोबाईलमध्ये गेला, मधली वॉकी टॉकीची पायरी बहुतेकांनी पाहिलीच नाही. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि हमालाच्या खिशात फोन परवडू लागला. मग मिस्ड कॉल, २०१६ नंतर स्वस्त डेटा, आणि तो अंगठा. अमेरिकेत नेक्स्टेल कंपनीनं १९९६ पासून बटण दाबून बोलायचे फोन विकले, बांधकामावरच्या आणि ट्रकवरच्या लोकांत ते प्रचंड चालले आणि २०१३ च्या जूनमध्ये ते जाळं बंदही झालं. एक अख्खा काळ तिकडे येऊन गेला. आपल्याकडे त्याच वर्षी व्हॉइस मेसेज आला.

यंत्राशी बोलणं

गोदामातल्या आवाजाची आणखी एक शाखा आहे आणि मला ती जास्त अस्वस्थ करते. अमेरिकेत पिट्सबर्गच्या व्होकोलेक्ट या १९८७ मध्ये सुरू झालेल्या कंपनीनं ‘टॉकमन’ नावाचं यंत्र आणलं. कमरेला यंत्र, डोक्यावर हेडसेट. संगणक कानात सांगतो : अमक्या गल्लीत जा. कामगार तिथल्या पाटीवरचे दोन-तीन अंक वाचून दाखवतो, जागा बरोबर आहे याची खात्री पटली की संगणक सांगतो, चार उचल. कामगार म्हणतो, चार. आणि पुढे. हात मोकळे राहतात, चुका कमी होतात, हे खरंच. यंत्राला आधी कामगाराच्या उच्चारांची ओळख करून द्यावी लागते, त्यामुळे गावाकडचा हेल असला तरी बिघडत नाही. ही सोय मला मनापासून आवडते.

पण मघाचा मापाडी आठवा. तोही आकडे मोठ्यानं म्हणायचा. त्याचे आकडे चारचौघांच्या कानांवर पडायचे. हेडसेटमधला कामगार दिवसभर आकडे म्हणतो आणि ते फक्त सर्व्हर ऐकतो. शेजारून जाणाऱ्याला ते पुटपुटणं वाटतं.

‘दाबा आणि बोला’ यापेक्षा बरं, कारण निदान माणूस माणसाशी बोलतो. गोदाम आता एवढं मोठं झालंय की हाक पोचतच नाही. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवायची कंपन्यांची गरज कमी झाली आणि भिवंडीसारख्या ठिकाणी अवाढव्य गोदामं वाढली. तिथे फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला मागून ओरडून उपयोग नाही. थप्पी कलली, कुणाचा पाय अडकला, तर एका बटणात सगळ्यांना कळणं ही खरोखर जिवाची गोष्ट आहे. पेवाच्या तोंडाशी उभा असलेला माणूस आता दोनशे मीटरवर आहे, इतकंच.

माझा प्रश्न सेटिंगचा आहे. चॅनल कुणी बनवला, त्यात कोण आहे, मध्येच तोडायचा अधिकार कुणाला, आणि बोललेलं साठवलं जातं का. हाक हवेत विरून जायची. टोळीत कुणी मुकादमाला शिवी दिली तर ती संध्याकाळपर्यंत विसरली जायची, किंवा निदान कुणाला सिद्ध करता यायची नाही. ॲपमध्ये बोलणं तारीख-वेळेसकट राहू शकतं. त्याचा फायदा कामगारालाही होईल : ‘मी सांगितलं होतं की रॅक हलतोय’ हे अपघातानंतर दाखवता येईल. पण त्यासाठी ते रेकॉर्डिंग त्याला मिळायला हवं. माथाडी मंडळाच्या रजिस्टरावर कामगारांच्या प्रतिनिधीलाही बोट ठेवता येतं. सर्व्हरवरच्या नोंदींसाठी अशी त्रिपक्षीय व्यवस्था कुणी मागितलेली मला तरी अजून दिसलेली नाही, आणि मागावी असं मला वाटतं. कोणत्या कायद्याखाली, याचं उत्तर मी शोधते आहे. १९६९ च्या कायद्यातली मंडळाची नोंदवही हे त्यासाठी माझं सुरुवातीचं टोक आहे.

कंपनीचा हँडसेट पाळी संपली की चार्जिंगला परत लावायचा असतो. टोळीचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र स्वतःच्या फोनवर चालतो, त्याचा ॲडमिन त्यांच्यातलाच असतो, आणि तिथे उद्याच्या गाडीपासून गावच्या जत्रेच्या वर्गणीपर्यंत सगळं बोललं जातं. म्हणजे सध्या दोन सभागृहं शेजारी-शेजारी चालू आहेत. पुढच्या लेखात तासगाव-सांगलीच्या बेदाण्याच्या सौद्यांकडे वळू, कारण तिथे भाव मोठ्यानं पुकारायची पद्धत आणि फोन यांची गाठ वेगळ्याच तऱ्हेनं पडली आहे. तुमच्या घरात कुणी मुंबईत माथाडी असेल आणि टोळीतल्या हाका आठवत असतील, तर मला जरूर कळवा. व्हॉइस मेसेज पाठवलात तरी चालेल.